शॉर्टस्टॉपवर वहिनी

जिंकणाऱ्या टीमकडे ट्रॉफ्या साचतात आणि हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्या टीमला ट्रॉफीसाठी कपाट कधी लागलं नाही, पण किस्से इतके झालेत की बारसं असो, हळदीकुंकू असो नाहीतर कोणाची वास्तुशांत असो, चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "मन्या, तो वहिनीचा सांग ना!" मग मी थोडे आढेवेढे घेतो, चहा मागतो आणि सुरू करतो. या किश्श्यांमधली वहिनी ही माझीच बायको असल्यामुळे ती खोलीत असली की मला जरा हात राखून सांगावं लागतं. आत्ता ती लेकीला घेऊन बाहेर गेलीय. तेव्हा होऊन जाऊ दे!

आधी थोडी माहिती देतो, म्हणजे मध्येच कोणी "शॉर्टस्टॉप म्हणजे काय?" असं विचारून रसभंग करणार नाही. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या आम्हा मराठी मंडळींची ही सॉफ्टबॉलची टीम. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचाच धाकटा भाऊ. बेस तेच, नियम जवळपास तेच, फक्त बॉल मोठा आणि आमच्या लीगमध्ये तो इतका हळू टाकतात की बॅटरला मध्ये एखादा मेसेज वाचून घेता येईल. पुरुष आणि बायका एकत्र खेळतात. बॉल मारला की चार बेस ओळीने पळून गाठायचे; त्याआधी बॉल बेसवर पोहोचला की गडी आउट, आणि तीन आउट झाले की इनिंग संपली. शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर. मिडऑन आणि मिडविकेट या दोघांचा संसार एकट्याने सांभाळायचा आणि वर फर्स्ट बेसपर्यंत थ्रोही करायचा. सगळ्यात जास्त बॉल तिथेच येतात, आणि तिथला माणूस झोपला की टीम झोपते.

* * *

आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेलो. पहिल्याच मॅचला मी बॉल झकास मारला आणि फर्स्ट बेसकडे धूम ठोकली. पोहोचताना वाकलो, हात लांब केला आणि बेसवर बॅट टेकवली. त्यांचा फर्स्ट बेसवाला गडी जिवाच्या भीतीने बाजूला उडाला.

आमचे अंपायर फ्रँक हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या दारातली कुत्री शांत करत पत्रं वाटलेली, त्यामुळे आवाज कधी चढत नाही. ते चालत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सर, पुढच्या वेळी बॅट तिकडेच ठेवा. इकडे फक्त पाय आणा."

माझ्यानंतर आमचा मॅनेजर प्रमोद बॅटिंगला आला. प्रमोद नागपूरचा, माझा ऑफिसातला जुना दोस्त, आणि टीम काढायची कल्पना त्याची म्हणून मॅनेजर. त्याने बॉल हळूच ढकलला, हात वर केला, मला ओरडून सांगितलं, "नो!" आणि जागेवर उभा राहिला. बेसबॉलमध्ये मारल्यावर पळावंच लागतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला आउट दिलं तर हा फ्रँककडे बघून म्हणतो, "पण मी कॉल दिला होता!"

* * *

उर्मिला टीममध्ये आली तीच मुळी चुकून. लीगचा नियम असा की मैदानावर ठरावीक बायका हव्यातच. एका रविवारी आमच्यातल्या एकीच्या पोराला ताप आला आणि एक बाई कमी पडली. उर्मिला बाहेर घडीच्या खुर्चीत बसून साबुदाण्याचे वडे सांभाळत होती. प्रमोद तिच्यापाशी जाऊन हात जोडून म्हणाला, "वहिनी, काही करू नका. नुसत्या उभ्या राहा."

आणि त्याने तिला उभं केलं शॉर्टस्टॉपला! कारण तिथली जागा रिकामी होती. शॉर्टस्टॉप किती महत्त्वाचा असतो हे प्रमोदला त्या दिवशी माहीत नव्हतं, हे आमचं नशीब.

आता उर्मिला सांगलीची. लग्नाआधी खो-खो खेळायची, आणि गल्लीतला नव्हे, राज्याच्या टीममधला. नंतर शाळेत पी.टी.ची टीचर होती. हे सगळं मला माहीत होतं, पण लग्नाच्या बायोडेटात जसं 'वाचनाची आवड' असतं, तसंच हे, असं मी धरून चाललो होतो.

पहिलाच बॉल तिच्या उजवीकडून, जमिनीला घासत, बुलेटसारखा निघाला. आम्ही सगळ्यांनी मान वळवून त्याला निरोपसुद्धा दिला होता. तेवढ्यात वहिनींनी सूर मारला. खो-खोत गडी बाद करायला मारतात ना, तसा, अंग पूर्ण आडवं. धूळ बसली तेव्हा सलवारीचा गुडघा फाटलेला, ग्लव्ह बाजूला पडलेला ("हात अडकतो त्यात!") आणि बॉल तिच्या उघड्या उजव्या मुठीत.

ती उठून बसली, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "आता हा कोणाला देऊ?"

* * *

सगळी टीम तिला 'वहिनी' म्हणते. "वहिनी, सोडू नका!" "वहिनी, मागे!" असा दिवसभर गजर. त्यामुळे बाकीच्या टीमना वाटतं, हेच तिचं नाव. फ्रँकसुद्धा अदबीने "गुड मॉर्निंग, वहिनी" म्हणतात. एकदा मी त्यांना समजावलं की वहिनी म्हणजे भावाची बायको. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग तुम्ही तिला काय म्हणता?" मी म्हटलं, उर्मिला. ते म्हणाले, "नको. वहिनीच बरं."

दुसरी गंमत तिच्या थ्रोची. बॉल अडवला की ज्याच्याकडे फेकायचा त्याच्या अंगावर ती जोरात ओरडते, "खो!" सवयच ती. खो-खोत पाठीमागून खो मिळाला की बसलेल्याने उठून पळायचं असतं, विचार करायला वेळ नाही. इथेही तेच. हा शब्द कानावर पडला की समजायचं, आता तुमची पाळी, आणि बॉल नाकापाशी आलाय.

मी सेकंड बेसवर, म्हणजे तिच्या शेजारीच खेळायचो. तिचे निम्मे थ्रो माझ्याकडे. रविवारी संध्याकाळी तळहात असा सुजायचा की सोमवारी ऑफिसात टायपिंग एकाच हाताने. शेवटी एकदा जेवताना मी म्हटलं, "अगं, जरा हळू फेकत जा."

ती म्हणाली, "तू जरा लवकर उठत जा."

* * *

आता बॅटिंग. इथे मात्र देवाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने बॅट काढून घेतली.

खो-खोत बॅट नसते. उर्मिलाने जन्मात कधी बॅट धरली नव्हती. बॉल हळू येतो, पोरंसोरंही मारतात, पण ही मारायची तो बॉल कायम टाकणाऱ्याकडे, म्हणजे पिचरकडे, टप्पे खात, आज्ञाधारकपणे परत जायचा. एका पिचरने तर बॉल उचलताना तिला "थँक यू" म्हटलं. आणि हिने वळून "वेलकम" म्हटलं!

आमची लेक ईरा शाळेच्या टीममध्ये सॉफ्टबॉल खेळते. तिने आईला ड्राइव्हवेवर शिकवायला घेतलं. मी खिडकीतून ऐकायचो.

"आई, खांदे फिरव. इट्स नॉट अ झाडू!"

"झाडू असता तर मारला असता गं मी."

"आई, डोळे उघडे ठेव!"

"उघडेच आहेत. बॉलच मिटून येतोय."

पुढे पुढे अशी वेळ आली की उर्मिला बॅटिंगला आली की समोरच्या टीमचे लांब उभे असलेले आउटफिल्डर चक्क बसून घ्यायचे. आउटफिल्डमध्ये कॅनडा गूज, म्हणजे इथले जंगली हंस, उतरतात, त्यांनी जिथे-तिथे प्रसाद ठेवलेला असतो, त्यातूनही बरी जागा शोधून बसायचे. मला फार राग यायचा. मी तिला म्हटलं, "बघ, अपमान करतात हे लोक!"

ती शांतपणे म्हणाली, "बसू दे. खो-खोत बसलेल्यांचीच भीती असते."

मला हे वाक्य तेव्हा अतिशय आवडलं. त्यानंतर ती पिचरकडे बॉल देऊन आउट झाली, तो भाग वेगळा.

* * *

मग साहजिकच टीममध्ये दोन पक्ष पडले. मराठी माणसं नऊ-दहा जमली आणि पक्ष पडले नाहीत असं होत नाही. मॅचनंतर पार्कातल्या बाकांवर मिसळ सुरू झाली की वाद सुरू.

एक पक्ष म्हणायचा, प्रत्येक मॅचला एक बॅटर फुकट घालवून कसं चालेल? दुसरा म्हणायचा, अरे, पूर्वीचे विकेटकीपर कुठे बॅटिंग करायचे? त्यांना अकराव्या नंबरला पाठवत, पण ग्लव्ह्ज त्यांच्याच हातात असत! त्यावर पहिला पक्ष म्हणायचा, ते दिवस गेले, आता कीपरलाही सेंच्युरी मारावी लागते. तिसऱ्या कोणीतरी व्हॉट्सॲपवर पोल टाकला, त्यात निकाल बरोबरीत सुटला, आणि मी मत दिलं नव्हतं हे सगळ्यांना कळलं. घरी त्याचे परिणाम झाले. ते सांगत नाही.

प्रमोद मात्र डोकं शांत ठेवून बोलायचा. "मन्या, वहिनी रन वाचवतात हे मान्य. पण वाचवलेला रन कोणाला दिसत नाही यार. मारलेला दिसतो. मला स्कोअरबोर्डवर दिसणारं काहीतरी पाहिजे."

प्रमोदचे बाबा त्या उन्हाळ्यात नागपूरहून आले होते. प्रत्येक मॅचला यायचे, जूनमध्येही कानटोपी घालून, शेंगदाण्यांची पिशवी मांडीवर घेऊन. बेसबॉल त्यांना पहिल्या दिवशी अर्धा कळला आणि पुढे त्यांनी उरलेला अर्धा शिकायचं नाकारलं. पण त्या दिवशी सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "काहून बे प्रमोद? गोलकीपरला कोणी विचारते का, तू गोल किती मारले म्हणून?"

प्रमोदने मिसळीत आणखी फरसाण घातलं.

* * *

आणि मग केतकी आली.

केतकी इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली. जागा? शॉर्टस्टॉप! पहिल्याच प्रॅक्टिसला तिने बॉल असा मारला की तो कुंपणापलीकडे टेनिस कोर्टवर पडला आणि तिथल्या दोन आज्या रॅकेट टाकून पळाल्या. प्रमोदच्या डोळ्यांत मला स्कोअरबोर्ड दिसला.

वाईट म्हणजे पोरगी गोड होती. मराठी मोडकं, पण बोलायची हौस दांडगी. उर्मिलाला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागली. उर्मिलाने थ्रो करताना नेहमीसारखा खो दिला तर हिने ईराला विचारलं, "व्हॉट इज शी येलिंग?" ईरा म्हणाली, "इट मीन्स, आता तू!"

केतकीच्या प्रत्येक फटक्याला सगळ्यात जास्त टाळ्या उर्मिला वाजवत होती. मला वाटलं, वा, किती खिलाडू वृत्ती! घरी परतताना गाडीत मात्र ती म्हणाली, "मनोज, ती माझ्यापेक्षा चांगली आहे का रे?"

मी म्हटलं, "बॅटिंगमध्ये आहे."

"ते मला दिसतं." मग म्हणाली, "इथे आल्यापासून मी कोण आहे? तुझ्या व्हिसावर आलेली. ईराची आई. डेकेअरमध्ये पोरांची नाकं पुसणारी. मी चांगली आहे, चांगली नाही, मला कोणी कधी पारखलंच नाही. त्या दोन बेसच्या मधे उभी राहते ना, तिथे पारखतात. तेवढी जागा मला पाहिजे."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे साडी मागितली नव्हती, दागिना मागितला नव्हता. ही पहिली मागणी, आणि ती नेमकी माझ्या हातात नव्हती. मला फार वाईट वाटलं.

* * *

प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, आठवड्यात प्रमोदचा फोन आला. आवाज लोण्यासारखा. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी माझ्या गळ्यात पडणार.

"मन्या, रविवारी केतकी शॉर्टला. वहिनींना बसवतोय. तू सांग ना त्यांना."

"मी? मॅनेजर तू आहेस!"

"नवरा तू आहेस."

मी सांगायचं ठरवलं. सोमवारी ती पोळ्या करत होती. हातात लाटणं असलेल्या बाईला अशी बातमी देऊ नये, एवढं मला कळतं. मंगळवारी इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडताना विषय काढला, "उर्मिला, आयुष्यात कधी कधी काय होतं..." ती म्हणाली, "ही जुडी पिवळी आहे, दुसरी बघ." बुधवारी मी तिला बाहेर जेवायला नेलं. तिने मेनू खाली ठेवला आणि विचारलं, "डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुला?"

शेवटी शनिवारी सकाळी तीच म्हणाली, "प्रमोदने तुला काहीतरी सांगायला सांगितलंय ना?"

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"प्रमोदच्या बाबांनी. सोमवारीच फोन केला होता." तिचे डोळे भरून आले होते, पण ती ते पुसत नव्हती. "म्हणाले, पोरी, आमचं येडं तुला बसवून राह्यलं. तू तरी ये. ग्लव्ह घेऊन ये."

"मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"तू कसा सांगतोस ते बघायचं होतं!"

* * *

रविवार. ऊन छान, गवत ओलं, गूज नेहमीच्या जागी. समोरची टीम जर्सी सिटीहून आलेली, सगळे धिप्पाड, त्यांच्या मॅनेजरचं नाव टॉम. केतकी शॉर्टस्टॉपला, मी सेकंडला, उर्मिला बाहेर बाकावर प्रमोदच्या बाबांच्या शेजारी, मांडीवर ग्लव्ह.

आम्ही बॅटिंग बरी केली. केतकीने एक बॉल पार टेनिस कोर्टवर धाडला. पण फील्डिंगला काय झालं कोण जाणे! सेकंड बेसवर म्हणजे माझ्याकडे बॉल यायचा आणि मला ओळख न देता पायांतून निघून जायचा. केतकी शॉर्टवरून पळत येऊन माझ्यामागचे बॉल गोळा करायची. दोनदा ती बिचारी आडवी पडली. बॉल फेकायला उठून बघते तर बेसवर मी नाहीच, मी अजून मागे वळतोय.

तोपर्यंत या टीमचा कच्चा दुवा कोण यावर उन्हाळाभर चर्चा झाली होती, पण तीत माझं नाव कधी आलंच नव्हतं. मी बॅटिंग करायचो ना! थोडीफार का होईना, स्कोअरबोर्डवर दिसायचो.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे. फील्डिंगला निघताना केतकी सरळ प्रमोदकडे गेली. "प्रमोदकाका, मला सेकंडला जायचं आहे. शॉर्टला मावशी पाहिजे."

प्रमोद म्हणाला, "पण मग मनोज?"

केतकीने माझ्याकडे फिजिओथेरपिस्टच्या नजरेने पाहिलं. "काकांच्या गुडघ्याला रेस्ट पाहिजे."

"माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही!" मी ओरडलो.

बाकावरून बाबांनी हाक मारली, "अबे, बस इथं. शेंगदाणे खा."

प्रमोदने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उर्मिलाकडे. ती केव्हाच उभी राहिली होती. तो म्हणाला, "वहिनी, जा." इतकंच. मी बाकावर बसलो. बाक गरम होता.

त्यांचा एक गडी आउट झाला, एक फर्स्ट बेसवर पोहोचला, आणि त्यांचा सगळ्यात तगडा बॅटर आला. बॅटच्या आवाजावरूनच कळलं की बॉल गेला. सेकंड बेसच्या कडेने, जमिनीलगत, सरळ आउटफिल्डकडे. आमच्या बाकावरच्या निम्म्या लोकांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. मला माहीत होतं ती कुठे असेल.

सूर असा मारला तिने की पोटावर घसरत गेली. बॉल ग्लव्हमध्ये होता, बरं का, उघड्या हातात नाही! उठायला वेळ नव्हता. पडल्यापडल्याच तिने बॉल सोडला आणि साऱ्या पार्काला ऐकू जाईल अशी ओरडली, "खो!"

केतकी बेसवर हजर. बॉल घेतला, बेसला पाय लावला, तिथून फर्स्टला थ्रो. धावणारा आउट, बॅटरही आउट. फ्रँकनी दोन्ही वेळा हात वर केला आणि मॅच संपली.

मी शेंगदाण्यांची पिशवी उडवली. बाबांनी कानटोपी काढून हवेत फेकली, जी संपूर्ण उन्हाळ्यात कोणी डोक्यावरून उतरलेली पाहिली नव्हती. उर्मिला अजून गवतावरच बसली होती, केतकी तिच्या गळ्यात पडलेली, आणि ईरा कुंपणावर चढून ओरडत होती, "दॅट्स माय आई!" मी रडलो. सरळ सांगतो, रडलो. ज्यांना हसायचंय त्यांनी हसा.

* * *

आता सगळ्यात भारी किस्सा. हा मॅचनंतरचा.

दोन्ही टीमनी रांगेत हात मिळवले. नंतर टॉम, त्यांचा मॅनेजर, आमच्याकडे आला. हा माणूस वर्षानुवर्षं या लीगमध्ये आहे, टीम जमवणं हा त्याचा धर्म. त्याने उर्मिलासमोर आदराने मान झुकवली आणि प्रमोदला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे आमच्यासमोरच.

"पुढच्या सीझनला मला वहिनी पाहिजे," टॉम म्हणाला.

प्रमोद हसला. त्याला वाटलं गंमत आहे.

"मी सीरियसली बोलतोय. बदल्यात दोन बॅटर देतो. दोघंही बॉल पार्किंग लॉटमध्ये मारतात."

मी प्रमोदच्या तोंडाकडे बघत होतो. दोन बॅटर! आठवड्यापूर्वी अर्धा बॅटर मिळाला असता तर या माणसाने वहिनींना डब्यासकट देऊन टाकलं असतं. उर्मिला बुटांची नाडी सोडत होती. तिचे हात थांबले, पण मान वर झाली नाही.

"नाही," प्रमोद म्हणाला.

"तिला बॅटिंग येत नाही, हे तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"तीन देतो."

"टॉम, तिघं नको, सगळी टीम दिलीस तरी नको. वहिनी शॉर्टस्टॉपला खेळणार. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, त्यांना कंटाळा येईपर्यंत." मग प्रमोदला आपण फारच तुटकपणे बोललो असं वाटलं असावं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढे केलं. "तुला पाहिजे तर नवरा घेऊन जा. बदल्यात काही नको."

टॉमने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माणूस धंद्याला पक्का, नाही म्हणायच्या आधी त्याने माझ्याकडे बोट करून एक प्रश्न विचारलाच.

"कॅन ही फील्ड?"

मी तोंड उघडलं. प्रमोदनेही उघडलं. पण अनोळखी माणसांशी इंग्रजीत बोलायला बारा वेळा विचार करणारी माझी बायको, बुटाची नाडी तशीच हातात धरून, आम्हा दोघांच्याही आधी म्हणाली, "नो!"